समजावून सांगण्यापूर्वी

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, की आमच्याकडे पालकांची जी रीघ लागते, तीत गुणांची चौकशी करणारे थोडे आणि एकच विनंती घेऊन येणारे पुष्कळ असतात. "सर, ह्येला जरा समजावून सांगा की. आमचं काय ऐकत न्हाई." पालक काखे-सातव्याचे असोत, बहिरेवाडी-पारगावचे असोत, की येथल्याच साखर कारखान्याच्या वसाहतीतले असोत, शब्द बहुधा हेच. मुलगा शेजारी खाली मान घालून उभा असतो. वीस वर्षांहून अधिक काळ अध्यापनाचे काम करीत असता ही विनंती आम्ही शेकडो वेळा ऐकली आहे. ज्यास समजावून सांगावयाचे त्यास झाले आहे तरी काय, असे उलट विचारले, तर पालक आमच्याकडे आश्चर्याने पाहतात. "व्हायचं काय? सगळं हाय की घरात!"

गेली काही वर्षे आपल्या शाळेत दर शनिवारी कोल्हापुराहून एक समुपदेशिका बाई येतात, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या कोण, त्या काय करतात, आणि ज्या मुलास त्यांच्याकडे पाठविले त्याच्या डोक्यात काही बिघाड आहे काय, असे प्रश्न पालकसभेत उघडपणे व पालकसभेनंतर दबक्या आवाजात विचारले गेले. त्यांचे उत्तर जमेल तितके द्यावे, म्हणून हा लेख.

'समुपदेशन' हा शब्दच आमच्या मते थोडा दुर्दैवी आहे. त्याच्या पोटात 'उपदेश' दडलेला आहे, आणि उपदेशाचा आपल्याकडे कधीच दुष्काळ पडला नाही. तो प्रार्थनासभेत मिळतो, वर्गात मिळतो, जेवणाच्या ताटावर मिळतो, लग्नाच्या मांडवात दूरचे मामा भेटले तर तेथेही मिळतो. नाव ऐकून मुलांस वाटते, की हा आणखी एक उपदेश, फक्त बंद खोलीतला. वस्तुतः हे काम जवळजवळ त्याच्या उलट आहे. अमेरिकेत बोस्टन शहरी १९०८ साली फ्रँक पार्सन्स नामक गृहस्थाने तरुणांस आपला व्यवसाय निवडण्यात साहाय्य करणारी एक कचेरी काढली. शालेय मार्गदर्शनाचा आरंभ सामान्यतः तेथून मानतात. पुढे १९४२ साली कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने या विषयावर जो ग्रंथ लिहिला, त्याने कामाची दिशाच फिरविली. मार्ग दाखविणाऱ्याने पुढे चालावे, ही जुनी समजूत. रॉजर्सचे म्हणणे असे, की ज्याचे दुःख त्यालाच त्याची वाट अधिक ठाऊक असते. साहाय्य करणाऱ्याने न्यायाधीश न होता ऐकावे, आणि ऐकलेले नीट समजले आहे हे त्या माणसास कळू द्यावे. ऐकणे हे काम आहे, आणि त्याचे शिक्षण घ्यावे लागते, ही कल्पना शिक्षकाच्या पेशातील माणसास प्रथम विचित्र वाटते. आमचा तर पोटापाण्याचा उद्योगच बोलण्याचा!

"आमच्या वेळी असले काही नव्हते. आम्ही अनवाणी शाळेस गेलो, छड्या खाल्ल्या, आम्हांस कुठे काय झाले?" हा आक्षेप एका वयोवृद्ध गृहस्थांनी घेतला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या परिसराच्या जुन्या पिढीने खरोखरच कष्ट काढले आहेत. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखान्याची उभारणी हाती घेतली, त्यापूर्वी येथे माळ होता. आज त्या माळावर कारखाना, दूधसंघ, शाळा-महाविद्यालये उभी आहेत. मुलांचा वाद्यवृंद काढून शेतकऱ्यांच्या पोरांच्या हाती वाद्ये देणारे गावही हेच. तेव्हा कष्टांविषयी या भूमीस कोणी शिकवू नये. परंतु त्या कष्टांस सोबत होती, हे आम्ही त्या गृहस्थांस नम्रपणे सांगितले. एका घरात तीन पिढ्या होत्या. बापाने मारले तर आजीच्या कुशीत तोंड लपविता येई. शेतावर चुलतभाऊ होता, रात्री भजन होते. आता बंगला झाला, मुलास स्वतंत्र खोली झाली, तिचे दार लागले, आणि आत तो व त्याचा मोबाईल एवढेच उरले. शिवाय त्या काळी कोणासच काही झाले नाही, हेही पूर्ण खरे नव्हे. गावोगावी एखादा अबोल काका असेच. अमुक मुलगी 'धरली' आहे, तिला बाहेरचे काही लागले आहे, असे बोलले जाई. दुःख तेव्हाही होते, नाव वेगळे होते.

तेरा ते एकोणीस हे वय मुळातच उलथापालथीचे. शरीर आधी वाढते. विचार करून थांबण्याची शक्ती ज्या मेंदूच्या पुढच्या भागात असते, तो भाग पक्व होण्यास विशी उलटावी लागते, असे आज शास्त्र सांगते. या वयात आठ ते दहा तास झोप हवी, आणि आपल्या दहावीच्या मुलांस ती किती मिळते हे त्यांच्या मातांनाच विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्यांचा आरंभ वयाच्या १४ व्या वर्षाच्या आत होतो. आपल्या देशात बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली जे राष्ट्रीय सर्वेक्षण केले, त्यात १३ ते १७ या वयातील शेकडा सुमारे ७ मुलांत काही ना काही मानसिक विकार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चौघे. हा आकडा वाचल्यापासून हजेरी घेताना आमची नजर पूर्वीपेक्षा सावकाश फिरते.

हे चौघे आपल्या दुःखाचे नाव सांगत नाहीत, कारण ते त्यांस ठाऊक नसते. कोणाचे दर सोमवारी पोट दुखते. कोणाचे डोके दुखते, आणि चष्म्याचा नंबर बदलूनही थांबत नाही. एखादी मुलगी डबा तसाच परत नेते. एखादा गरीब स्वभावाचा मुलगा एकाएकी भांडखोर होतो. पालक यावर टॉनिक आणतात, दृष्ट काढतात, शिकवणी बदलतात. ज्या एका ठिकाणी जावयास हवे तेथे मात्र जात नाहीत, आणि त्याचे कारण एका शब्दात सांगता येईल : रत्नागिरी. तेथे सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि आपल्या जिल्ह्यात "ह्याला रत्नागिरीला पाठवा" हे वाक्य कित्येक पिढ्या थट्टेने व शिवीसारखे वापरले गेले आहे. जेथे आजाऱ्यांवर उपचार होतात त्या गावाचे नाव आपण शिवी करून टाकले. मग मुलास मानसिक उपचाराची गरज आहे असे ऐकताच बापाचा चेहरा पडला, तर त्यात नवल ते काय? मुलीच्या बाबतीत तर पुढे सोयरीक कशी जमेल, ही काळजी आईच्या डोळ्यांत आधी दिसते.

आता एका मुलाची हकीकत सांगतो. ती त्याच्या वडिलांच्या व त्याच्या स्वतःच्या संमतीने सांगत आहो. ओळख पटेल असे सर्व वगळले आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने कोल्हापूर जिल्ह्यास जबर तडाखा दिला, आणि त्यामागोमाग जुलैत महापूर आला. ऑक्टोबरात शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा आठवीच्या वर्गातील हा मुलगा आपल्या जागी येऊन बसला, पण आला असे म्हणवत नव्हते. पूर्वी हात वर करण्यात पहिला, आता विचारले तरी उत्तर नाही. मधल्या सुट्टीत तो नळावर जाई व तास सुरू झाला तरी परतत नसे. उशिराबद्दल त्यास वर्गाबाहेर उभे केले गेले. घरी तक्रार गेली, तेव्हा वडील म्हणाले, "मोबाईलनं वाटुळं केलंय, दुसरं काय न्हाई." आणि त्यांनी मोबाईल काढून घेतला. मुलगा काही बोलला नाही.

खरी गोष्ट प्रथम हेरली ती आमच्या शिपाईमामांनी. ते एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाले, "त्ये पोरगं पाणी पीत न्हाई तिथं. हात धुतंय. सारखं धुतंय. कातडं निघालंय बघा हाताचं." आम्ही सारे सुशिक्षित त्या नळावरून रोज जात होतो, बोटांकडे पाहिले ते मामांनी.

मुलास समुपदेशिका बाईंकडे पाठविण्यास वडिलांनी मोठ्या नाखुशीने होकार दिला. पहिल्या दोन शनिवारी मुलगा बोललाच नाही, आणि बाईंनी त्यास बोल म्हटलेही नाही. कागद व पेन्सिली पुढे ठेवल्या. दुसऱ्या खेपेस त्याने तीन यष्ट्या व एक बॅट काढली. चौथ्या शनिवारी त्याने खाली पाहतच सांगितले, "आजोबा माझ्यामुळं गेले."

टाळेबंदीत कोणी बाहेर पडू नये अशी आज्ञा असता तो घरच्यांची नजर चुकवून माळावर क्रिकेट खेळावयास गेला होता. चार दिवसांनी त्यास थोडा ताप आला, तो उतरलाही. मग आजोबा आजारी पडले. त्यांस कोल्हापुरास नेले, ते परतले नाहीत. अंत्यदर्शनही नीट घडले नाही. घरी तेरावा झाला, पूर आला, ओसरला, ऊस उभा राहिला. त्या घरात आजोबांविषयी कोणी बोलत नसे, कारण बोलले की आजी रडे. आणि बारा-तेरा वर्षांचा तो जीव आपणच त्यांस मारले असे समजून हात धूत होता.

अशा वेळी आपण काय केले असते? "छे छे, वेड्या, असे कुठे असते काय!" असे म्हणून पाठीवर थाप मारली असती, आणि मुलाने मान हलवून पुन्हा तोंड मिटले असते. बाईंनी तसे केले नाही. त्या दिवसांत काय काय घडले, ते त्यांनी त्यास एकेक दिवस घेऊन सांगू दिले. आजोबा कसे होते, तेही विचारले. ते त्यास खांद्यावर बसवून जोतिबाच्या यात्रेस नेत, हे सांगताना तो प्रथमच रडला. पुढे त्याच्याच परवानगीने त्यांनी वडिलांस बोलाविले व मुलाने तेच वाक्य वडिलांसमोर उच्चारले.

वडील काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आरं, त्याच आठवड्यात मी बँकंत गेलतो, बाजारात गेलतो. मला वाटतंय मीच आणला." एका छपराखाली बाप व लेक सहा महिने एकच ओझे वाहत होते, आणि दोघांसही दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

बाईंनी एवढ्यावर काम संपले असे मानले नाही. हात धुण्याचा हा प्रकार नुसत्या बोलण्याने जाईल असे त्यांस वाटेना, म्हणून त्यांनी त्यास कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे धाडिले. काही महिने औषध चालले, शनिवारच्या भेटीही चालल्या. दुखणे एका रात्रीत गेले, असे सांगितल्यास ते असत्य होईल. परीक्षा जवळ आली की हात धुणे वाढे, मग कमी होई. २०२४ साली तो दहावी उत्तीर्ण झाला. वडिलांनी एके काळी मनात धरलेले गुण काही त्यास मिळाले नाहीत. पुढे तो आय.टी.आय.ला गेला. ही हकीकत लिहू काय, असे विचारण्यास आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वडील म्हणाले, "लिवा सर. गाव, आडनाव नको. कुणाला तरी उपेग हुईल."

येथे वाचकांस एक शंका येईल, की बंद खोलीतले बोलणे आम्हांस कळले कसे. बाईंकडून नव्हे. त्यांनी आम्हांस अवाक्षर सांगितले नाही. जे कळले ते मुलाच्या वडिलांकडून, दोन वर्षांनी. या गोष्टीवरून प्रारंभी शिक्षकांच्या खोलीत थोडी कुरबुर झाली, हे लपविण्यात अर्थ नाही. मुले आमची, वर्ग आमचा, आणि आम्हांसच काही सांगावयाचे नाही म्हणजे काय! परंतु विचार केला असता ही गुप्तता म्हणजेच या कामाचा पाया आहे असे दिसून येईल. आपले गाव लहान. सकाळी दूध घालताना निघालेली गोष्ट दुपारी चावडीवर असते. जेथे शब्द सुरक्षित नाही, तेथे मूल तोंड उघडणार नाही. अपवाद आहेत, व ते बाई मुलास पहिल्याच दिवशी सांगतात : त्याच्या वा दुसऱ्याच्या जिवास धोका असेल, तर त्या वडीलधाऱ्यांस सांगणारच, आणि कोणी मुलावर लैंगिक अत्याचार करीत असेल, तर २०१२ च्या कायद्यान्वये पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

न विचारलेला प्रश्न मुलास कोठवर नेऊ शकतो, याचे एक विलक्षण उदाहरण इंग्लंडात घडले. १९३५ साली चॅड व्हारा नामक एका तरुण पाळकास आपल्या सेवेच्या आरंभीच चौदा वर्षांच्या एका मुलीचा दफनविधी चालवावा लागला. तिला ऋतुप्राप्ती झाली होती. हे काय आहे हे तिला कोणीच सांगितले नव्हते. आपणास लज्जास्पद रोग जडला अशी तिची समजूत झाली, आणि विचारावे असे एकही माणूस नसल्यामुळे तिने आपले जीवन संपविले. ती गोष्ट या पाळकाच्या मनातून कधी गेली नाही. १९५३ साली लंडनमधील आपल्या चर्चमध्ये त्यांनी एक दूरध्वनी ठेवला, व ज्यांस जगणे असह्य झाले आहे त्यांनी बोलावे असे जाहीर केले. लोक इतके आले, की त्यांस बाहेर थांबावे लागे. त्यांस चहा देण्यास काही साधी माणसे स्वयंसेवक म्हणून बसत. थोड्याच दिवसांत असे दिसून आले, की पुष्कळ लोक त्या चहा देणाऱ्यांशीच बोलून हलके होऊन परत जातात, आणि पाळकसाहेबांस भेटण्याची त्यांस गरजच उरत नाही. तेव्हा त्यांनी ते काम स्वयंसेवकांच्याच हाती सोपविले. 'समॅरिटन्स' ही संस्था ती हीच.

आपल्याकडेही हे काम आता नवे राहिले नाही. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली, आणि मनाच्या दुखण्याविषयी शुद्ध मराठीत, न लाजता बोलण्याची सवय महाराष्ट्रास लावण्यात तिचा मोठा वाटा आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात आपले राज्य मंडळही दूरध्वनीवर समुपदेशक उपलब्ध करून देते. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस' ही सेवा सुरू केली : १४४१६ हा क्रमांक फिरवावा, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही कोणी ना कोणी असते, व मराठीतून बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक तर फार पूर्वीपासून आहे. विद्यार्थ्यांनी हे दोन क्रमांक वहीच्या मागील पानावर लिहून ठेवावेत, जेथे ते नाहीतरी क्रिकेटच्या धावा लिहितात.

काही श्रद्धाळू पालक आम्हांस म्हणतात, की प्रार्थना केली म्हणजे मन शांत होते, मग या बाईंची गरज काय. प्रार्थनेचे बळ आम्ही जाणतो. परंतु मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ साली जे मिशन इस्पितळ उभारले, तेथे प्रार्थना व शस्त्रक्रिया एकाच छपराखाली होत, आणि एकीमुळे दुसरी उणी पडली असे कोणास वाटले नाही. दाढ दुखली तर आपण प्रार्थनाही करतो व डॉक्टरांकडेही जातो. मनाच्या दुखण्यासच तेवढे नुसत्या प्रार्थनेवर का ठेवावे?

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापाशी एक मागणे आहे. तुमचा मित्र वा मैत्रीण जर कधी म्हणाली, की मला आता जगावेसे वाटत नाही, आणि हे कोणास सांगू नकोस अशी तुम्हांस शपथ घातली, तर ती शपथ मोडा. त्याच दिवशी मोडा. तो थट्टेने म्हणाला असेल, असा विचार करीत बसू नका. आईस सांगा, वर्गशिक्षकांस सांगा, शिपाईमामांस सांगा; ज्याची भीती वाटत नाही अशा कोणाही मोठ्या माणसास सांगा. मित्र चार दिवस रागावेल. रागावू द्या.

आणि पालकांस विनंती, की मुलगा जेव्हा बोलू लागेल, तेव्हा त्यास वाक्य पुरे करू द्यावे. हे लिहिण्यास सोपे आहे. आमच्या स्वतःच्या घरी दोन मुले आहेत, तेव्हा ते किती कठीण आहे याची आम्हांस पुरती कल्पना आहे. "परवा चाचणीत किती मिळाले" हा प्रश्न जेवण झाल्यावर विचारला तरी चालतो. उसाच्या शेतातून येता-जाता, मोटारसायकलीवर मागे बसवून, किंवा गोठ्यात धारा काढताना मुले अधिक बोलतात. समोरासमोर बसवून "बोल, काय झालं तुला" असे विचारले की ती चौकशी होते.

समुपदेशिका बाईंची खोली पूर्वी मुख्याध्यापकांच्या कचेरीशेजारी होती, आणि तेथे जाणारा प्रत्येक जण सर्वांच्या नजरेत येई. आता ती वाचनालयाच्या मागे, नकाशे ठेवण्याच्या खोलीस लागून आहे. तेथे जाण्यास वाचनालयातूनही वाट आहे, तेव्हा कोण पुस्तकासाठी गेले, कोण नकाशासाठी व कोण बाईंसाठी, हे कोणास कळत नाही. चिठ्ठी लागत नाही. पालकही येऊ शकतात, आणि गेल्या वर्षी काही पालक मुलांसाठी म्हणून आले व स्वतःविषयीच बोलून गेले, एवढे बाईंनी आम्हांस नावे न घेता सांगितले. त्या शनिवारी सकाळी शाळा भरताना येतात व दुपारच्या कोल्हापूर एस.टी.ने परततात, कोणी बोलत असेल, तर ती एस.टी. सोडून पुढच्या गाडीने जातात.